इंदूबाईंनी संडासाची नळी बदलली

इंदूबाई,

तुमच्यावर लिहायला बसले आहे, तेव्हा आधीच सांगते, नाक मुरडू नका. "संडासाच्या नळीवर कोणी लिहिते का वं बाई?" असं तुम्ही म्हणणार, पदर तोंडाला लावून हसणार आणि मग दारात उभ्या राहून साऱ्या गल्लीला सांगत सुटणार. लिहितात. मी लिहिते. ताजमहालावर पुष्कळांनी लिहून झालं, त्यानं कोणाची सोय झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तुम्ही जे केलंत त्यानं एक म्हातारा माणूस पुन्हा पोटभर जेवायला लागला. मेथी निवडता निवडता तुम्ही मला ते इतक्यांदा सांगितलंत की मला तोंडपाठ झालं. आता यापुढे तुमच्याशी बोलत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याशी बोलते. मध्ये मध्ये टोकू नका.

तर ऐका.

भिवापूरचं नाव काढलं की लोक मिरचीच्या गोष्टी करतात. इंदूबाई तिकडच्याच, पण त्या गोष्टी करत मातीच्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, बैलाचा पाय गिळते. उन्हाळ्यात तीच माती तडकते आणि भेगेत पडलेलं विळ्याचं पातं पुन्हा दिसत नाही. लग्न होऊन त्या नागपुरात सक्करदऱ्याला आल्या, तर तिथेही तीच माती. फरक एवढाच की शहरातल्या लोकांनी तिच्यावर घरं बांधली होती आणि खाली माती आहे हेच ते विसरून गेले होते.

घरात तिघं. इंदूबाई, त्यांचे यजमान बाबाराव आणि सासरे धोंडबा. बाबाराव सरकारी कचेरीत कारकून. स्वभावानं इतके सरळ की घरातला खिळा ठोकायलाही त्यांना वरून मंजुरी लागे. धोंडबांनी सारं आयुष्य गिरणीत मागावर काढलं होतं. मागाच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली होती, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. ते सुनेला चहा मागत तेव्हा शेजारचीही उठून गॅस पेटवे.

धोंडबांच्या घरात एक कायदा होता, आणि इंदूबाईंनी तो लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकला. धोंडबा खेड्यात जन्मले तेव्हा गावातलं मेलेलं ढोर ओढायचं काम त्यांच्या माणसांवर होतं. नको म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली, धोंडबा त्या गर्दीत उभे होते, आणि घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं, "आजपासून माह्या घरचं माणूस कोणाची घाण उचलणार नाही. कोणाचीच नाही." सुनेला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही, पण ऐकलं. पुढे कधी गल्लीतल्या कोणी हलकं काम सांगितलं तर तिच्या तोंडून हाच कायदा निघे, तोही सासऱ्याच्याच आवाजात.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत धोंडबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. डाव्या हातात काठी धरून, भिंतीच्या आधारानं ते चालत, पण खाली बसून उठणं संपलं. तेव्हा बाबारावांनी आयुष्यातलं पहिलं धाडस केलं. कोणालाही न विचारता मागच्या संडासात खुर्चीसारखं उंच भांडं बसवून घेतलं. वर लोखंडी फ्लशची टाकी जुनीच होती. तिची साखळी त्यांनी लांब करून डाव्या बाजूला आणली, टोकाला लाकडी मूठ बांधली. डाव्या हाताला मूठ सापडली पाहिजे म्हणून चार वेळा उंची बदलली.

पहिल्या दिवशी धोंडबा आत गेले. बाहेर नवरा-बायको दाराला कान लावून उभी. मग धडाधड पाणी पडलं, आणि आतून आवाज आला, "खुर्चीवर बसून हे काम करणारा आपल्या खानदानातला मी पयला!"

डिसेंबर ते मार्च हे राज्य सुखानं चाललं. धोंडबा दिवसातून एक-दोनदा उगाचच साखळी ओढून पाहत, आणि इंदूबाई पाणी वाया जातं म्हणून ओरडत. दोघांनाही ते आवडे.

आता त्या नळीकडे येते. घराच्या गच्चीवर सिमेंटची टाकी. तिचं पाणी घराच्या मागच्या भिंतीवरून खाली एका कॉकपर्यंत, म्हणजे पाणी बंद-चालू करायच्या चावीपर्यंत, येई. संडास घराला चिकटून, पण मागाहून बांधलेला, म्हणजे त्याचा पाया वेगळा. घराच्या भिंतीवरच्या कॉकपासून संडासातल्या फ्लशच्या टाकीपर्यंत हातभर लांबीची लोखंडी नळी. दोन्ही टोकांना आटे पाडून घट्ट आवळलेली. ही नळी दर उन्हाळ्यात टाकीपाशी, आट्यांवरच तडकायची. दरवर्षी नळवाले भैय्याजी येत, नवी नळी लावत, तीही गळे, आणि मग पाऊस येईपर्यंत घर बादलीनं पाणी ओतून दिवस काढी. कोणाला त्याचं काही वाटत नसे. बादली काय, सगळेच ओततात.

एप्रिल लागला आणि नळी तडकली. या वर्षी मात्र बादली धोंडबांना उचलेना.

पहिल्या दिवशी ते बाहेर आले तशा इंदूबाई बादली घेऊन आत निघाल्या. म्हाताऱ्यानं काठी आडवी घातली.

"तू नाही."

"मग कोण? मामाजी, हटा."

"तुह्या हातानं नाही म्हटलं ना वं पोरी."

"घरच्या माणसाचं केलं तर ते काय ढोर ओढनं झालं का?"

"सवय अशीच लागते," धोंडबा म्हणाले. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. इंदूबाईंना तेच खटकलं.

बाबाराव सकाळी ओतून कचेरीत जात. दिवसभर काय? दिवसभर धोंडबा जातच नसत. मे लागला तेव्हा एकदा इंदूबाई खरकटं टाकायला मागे गेल्या तर गल्लीतलं पिवळं कुत्रं खिडकीखाली शेपटी हलवत बसलेलं. वरून एक भाकरी पडली. मग दुसरी. सासरा ताटातलं निम्मं जेवण कुत्र्याला घालत होता. पोटात गेलं नाही तर बाहेरही जायचं नाही, असा त्याचा हिशोब.

"मामाजी, हे काय चालवून राहिले तुमी?"

"भूक नाही वं."

"भूक नाही का संडास नाही?"

धोंडबांनी तोंड फिरवलं. गळ्याची हाडं वर आली होती. मे महिना, पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि लकव्याचा म्हातारा पाणीसुद्धा मोजून पिणार! इंदूबाईंनी त्याच क्षणी ठरवलं, की ही नळी आता नीट झालीच पाहिजे. नाही तर हा माणूस आपल्याच कायद्यानं मरेल.

भैय्याजी आले. मिशा पिळदार, कानावर विडी, हातात लांब दांड्याचा पाना. नवी नळी लावली, पाना लावून दातओठ खात आवळली.

"बाई, लोखंड आहे हे. अब सात जनम नाही हालत."

आठवडा गेला नाही तोच सातही जन्म संपले. पुन्हा तीच जागा, तोच तडा. भैय्याजी पुन्हा आले, जाड नळी आणली, आणखी आवळली. या वेळी नळी टिकली, टाकीचाच कान, नळी जोडायची जागा, फुटला.

"तुमच्या टाकीत दोष आहे," भैय्याजी म्हणाले.

"मागच्या वक्ती नळीत होता. त्याच्या मागच्या वक्ती पाण्यात होता," इंदूबाई म्हणाल्या. "आता एक मीच राहिली."

टाकीचा कान त्यांनी कसाबसा जोडून दिला. भैय्याजी वर चढले असताना इंदूबाई खाली उभ्या राहून भलतीकडेच बघत होत्या. घराची भिंत आणि संडासाची भिंत जिथे मिळत तिथे एक फट होती. होळीच्या सुमारास दात घासायची कडुलिंबाची काडी तिच्यात अडकवून ठेवत, ती घट्ट बसे. आता त्यांनी हात घातला, तर चार बोटं आरपार. इंदूबाईंना भिवापूरचं रान आठवलं. उन्हाळ्यात शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा दगडसुद्धा जागा सोडतो, मग हा चार विटांचा संडास काय चीज!

"भैय्याजी, खाली उतरा गा. नळी नाही तुटून राहिली. भिंत चालून राहिली."

भैय्याजी शिडीवर इतके हसले की विडी कानावरून पडली. "भिंत चालवनारे संत झाले ते गेले, इंदूबाई! तुमची चालत असन तर बसा तिच्यावर, अन् जा माहेरी!"

बाबाराव म्हणाले, "त्यांचा धंदा आहे तो. तू कायले डोकं लावून राहिली?"

"तुमचे बाबूजी उपाशी मरून राहिले म्हनून."



इंदूबाईंचं म्हणणं साधं होतं. संडास उन्हाळ्यात घरापासून दूर सरकतो, पावसाळ्यात परत येतो. लोखंड ताणलं जात नाही, म्हणून तुटतं. जितकं आवळाल तितकं लवकर तुटेल. मग मध्ये असं काही पाहिजे जे वाकेल. आणि नागपुरात मे महिन्यात वाकणारी नळी म्हटली की कोणाला काय आठवेल? कूलरची! खिडकीत लावलेला तो पत्र्याचा डबा, त्यात खस, म्हणजे वाळा, आणि पंपातून पाणी वर नेणारी हिरवी नळी. घरोघरी हेच. इंदूबाईंनी चालू कूलरमधूनच ती ओढून काढली. दोन्ही टोकांना उरलेले लोखंडाचे तुकडे आणि पितळी तोट्या फिरवायला पाना हवा होता. भैय्याजी देणार नव्हते. तेव्हा त्या समोरच्या घरी गेल्या, जिथे एका निवृत्त प्राध्यापिकेकडे दिवंगत नवऱ्याचा पाना पडून होता. तो घेऊन आल्या, आणि भर दुपारी शिडीवर चढल्या. एक टोक कॉकवर, दुसरं टाकीच्या तोटीवर, वर तारेचे वेढे. झालं.

आणि इथे त्यांचं चुकलं. गल्लीला बोलावून चुकलं. शेजारच्या तुळसाबाई, रंभाबाई, कूलर बंद पडल्यानं घामानं निथळणारे बाबाराव, आणि वास लागून आलेले भैय्याजी, सगळे मागच्या अंगणात. इंदूबाईंनी कॉक सोडला. पाणी आलं. टाकी भरायला लागली. "पाहा!" म्हणून त्या वळल्या, आणि बघता बघता उन्हानं ती पातळ नळी मऊ पडली, मधोमध मुडपली आणि पाणी अडलं. इंदूबाईंनी ती सरळ करायला झटका दिला. नळी तारेतून सुटली आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी धबधब्यासारखं इंदूबाईंच्या डोक्यावर.

तुळसाबाई म्हणाल्या, "इंदू, कूलर छान लावला वं!"

भैय्याजींनी बाबारावांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, रबराची चीज लेकराच्या तोंडात ठीक. नळाचं काम लोखंडाचं."

सगळे हसले. इंदूबाईही हसल्या, कारण भिजलेली बाई रडली तर कोणाला कळत नाही, आणि कळलं असतं तर गल्लीला ते हसायला वर्षभर पुरलं असतं. घरात आल्या तर धोंडबा खाटेवर उठून बसलेले. काय झालं ते त्यांना ऐकू आलं होतं.

"मुडपली?"

"हो."

"मागावर पट्टा सुटे ना," धोंडबा म्हणाले, "तर पट्टा फेकत नव्हतो आमी. जाड पट्टा घालत होतो." आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले. रात्री त्यांनी ताटाला हातही लावला नाही.

त्याच आठवड्यात काटोलला इंदूबाईंच्या भावाच्या, रुपरावच्या घरी बारसं होतं. जायचं मन नव्हतं. बाबाराव म्हणाले, "जाऊन ये, एक दिवस मी घरी राहीन." काटोलची एसटी, उन्हाच्या झळा, रुपराव एका संत्र्याच्या बागेत कामाला. बारशाआधी त्याला बोलवायला म्हणून इंदूबाई बागेत गेल्या आणि बांधावरच थांबल्या.

रुपराव झाडांवर औषध मारत होता. पंपापासून त्याच्या हातापर्यंत लांबच लांब काळी नळी. ती झाडांच्या बुंध्यांना वळसे घेत होती, दगडावरून घासत होती, उन्हात तापून पडली होती. एका गड्याची बैलगाडी तिच्यावरून गेली. नळी चपटी झाली आणि लगेच गोल. इंदूबाईंनी वाकून कापलेलं टोक पाहिलं. रबराच्या आत सुताची वीण होती, वेणीसारखी घट्ट विणलेली. गिरणीकामगाराच्या सुनेला वीण ओळखता येते.

"रुप्या, हे नळी मले पाहिजे."

"बारसं करून घे ना बाई आधी!"

"बारसं होत राहीन. हातभर तुकडा दे. अन् हे नाही, कोरी दे. याच्यात जहर आहे."

रुपराव ओरडला, हसला, पण बहिणीला ओळखून होता. बाजारातल्या दुकानातून त्यानं कोरी नळी आणून दिली, हातभर मागितली तर दोन हात. "माप तुह्या हाताचं का माह्या, ते नाही सांगतलं तू." दुकानदारानंच तारेऐवजी पेच आवळायच्या क्लिपा दिल्या, मोटारीच्या पाण्याच्या नळीला असतात तशा. बारशाला इंदूबाई होत्या, पण पाळण्याच्या गाण्यात त्यांचं लक्ष नव्हतं. पिशवीतली नळी त्या सारख्या चाचपत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, पुन्हा शिडी. या वेळी कोणाला बोलावलं नाही. पाना तोच, समोरच्या घरचा. जुन्या तोट्या पक्क्या बसवल्या, नळी गरम पाण्यात बुडवून मऊ केली, दमानं चढवली, दोन्हीकडे क्लिपा लावून पेच पिळले. आणि मुख्य म्हणजे नळी ताणून लावली नाही. फटीत थोडी झोळ ठेवली, पाळण्याच्या दोरीसारखी. बाबाराव खाली शिडी धरून उभे.

"जास्त नाही होत का ती? लोंबून राहिली."

"लोंबू द्या. भिंतीले चालाले जागा नको?"

कॉक सोडला. थेंब नाही. टाकी भरली, आतला तरंगता गोळा वर आला, पाणी आपोआप थांबलं. इंदूबाईंनी नळी हातानं हलवली, खेचली, शेवटी तिला चापट मारली. थेंब नाही.

मग त्यांनी धोंडबांना आणलं.  काठी टेकत आत गेले. दार लागलं. नवरा-बायको पुन्हा तशीच उभी, डिसेंबरातल्यासारखी. बराच वेळ गेला. बाबारावांनी बायकोकडे पाहिलं. आणि मग धडाधड पाणी पडलं. थोडं थांबून, टाकी भरल्यावर, पुन्हा धडाधड. तिसऱ्यांदा.

"मामाजी! पानी वाया जाते ना!" इंदूबाई ओरडल्या. 

आतून गिरणीतला आवाज आला. "इंदू! दोन भाकरी टाक! अन् ठेचा कर, भिवापूरचा!"

तुळसाबाईंनी त्यांच्या घरात ऐकलं. रंभाबाईंनी ऐकलं. समोरच्या घरातही ऐकू आलं. पिवळं कुत्रं खिडकीखाली येऊन बसलं, दुपारपर्यंत बसलं, आणि त्या दिवसापासून त्या खिडकीतून त्याला काही मिळालं नाही.

ऊन वाढलं तशी फट वाढली, मूठ जाईल एवढी झाली. नळीचा झोळ कमी झाला, बाकी काही नाही. जूनमध्ये पाऊस आला, माती फुगली, संडास परत घराला येऊन टेकला, आणि नळी पुन्हा लोंबली. पुढच्या उन्हाळ्यात तसंच. बाबाराव पाहुण्यांना चहाआधी मागे नेऊन ती फट दाखवू लागले. "आमची भिंत चालते," असं ते अभिमानानं सांगत. मंजुरी वगैरे काही नाही.

आणि भैय्याजी? ते वर्षभर त्या गल्लीतून सायकलवरून जाताना दुसरीकडे बघत. दुसऱ्या एप्रिलात तुळसाबाईंची नळी तडकली. भैय्याजी इंदूबाईंच्या दारात आले, मिशीवर हात फिरवत.

"इंदूबाई, ते तुमच्याजवळ उरलेला तुकडा असन ना?"

"लेकराच्या तोंडात द्याले पाहिजे का गा, भैय्याजी?"

भैय्याजी मान खाली घालून हसले. इंदूबाईंनी तुकडा दिला, आणि झोळ किती ठेवायचा तेही दाखवलं. पुढे त्या वस्तीत निम्म्या घरी तशा नळ्या लागल्या. भैय्याजी त्याला स्वतःची पद्धत म्हणून सांगत. इंदूबाईंनी हरकत घेतली नाही. "त्याच्या नावानं चालू दे," त्या म्हणाल्या, "म्हातारी मानसं उपाशी नाही राहात ना? बस."

धोंडबा त्यानंतर चार उन्हाळे जगले. शेवटपर्यंत त्यांची साखळी त्यांनीच ओढली. त्यांच्या घरचा कायदा कोणाला मोडावा लागला नाही.

तर इंदूबाई, हे असं. आता पुन्हा तुमच्याशी.

नळी लागली त्याच संध्याकाळी तुमचे मामाजी काठी टेकत रस्ता ओलांडून माझ्या फाटकाशी आले होते, आठवतं? मागे तुम्ही पाना परत द्यायला. ते मला म्हणाले, "बाई, हिले इतवारीच्या बाजारात घेऊन जा. तिचा सोताचा पाना घेऊन द्या. घरात मानसाची अवजारं असतात, बाईचं एक तरी असलं पायजे." मी हो म्हटलं. तुम्हीही हो म्हटलंत. रविवारी जाऊ, सकाळच्या बसनं.

तो रविवार उन्हाच्या झळांत गेला. पुढचा तुमच्या पाहुण्यांत. मग माझे डोळे आले, मग बाबारावांची बदली होते की नाही या घोळात दिवाळी, आणि अशीच वर्षं गेली. पाना रस्ता ओलांडून तुमच्याकडे जातो, परत येतो. परवाच तुम्ही नेलात, आणि हे लिहिताना माझ्या स्वयंपाकघरातला नळ टपटपतो आहे. इतवारीला जायचं राहिलंच आहे.